अश्रूंची खतावणी

पडद्यावरच्या माणसाला खोकला आला, की आमची आजी म्हणते, “गेला हा!”

आणि तो जातोच. मध्यंतराआधी जाणार की नंतर, एवढाच काय तो प्रश्न उरतो. साधा, सर्दीचा खोकला पडद्यावर कोणाला येत नाही. तिथे खोकला आला म्हणजे रुमाल तोंडाशी जाणार, रुमालावर लाल डाग दिसणार, तो डाग घरच्यांपासून लपवला जाणार आणि शेवटी डॉक्टर चष्मा काढून पुसणार. आजीने शाळेची पायरी चढलेली नाही. सही करायला तिला आप्पांनी शिकवली. पण कौटुंबिक चित्रपटाचे व्याकरण तिला असे मुखोद्गत आहे, की आमच्या मराठीच्या सरांनी आपला एखादा तास तिला द्यायला हरकत नाही.

मी कॉमर्सचा विद्यार्थी. दहावीपर्यंत मराठी माध्यम, नंतर एकदम इंग्रजीतून डेबिट-क्रेडिट. गल्लीत मराठी, बाजारात कानडी आणि वर्गात इंग्रजी अशी माझी त्रिस्थळी यात्रा रोज चालू असते. चित्रपटावर लिहिण्याचा मला काही अधिकार नाही, हे मी संपादक मंडळाला परोपरीने सांगून पाहिले. पण यंदा मराठी विभागात म्हणे कवितांचा पूर आणि लेखांचा दुष्काळ! तेव्हा ज्या एका विषयात मला दहा-बारा वर्षांचा अनुभव आहे त्यावरच लिहितो. तो विषय म्हणजे आजीशेजारी बसून रडके चित्रपट पाहणे.

आजीचे नियम असे. देव्हाऱ्यातला दिवा फडफडला, की घरातले वडीलधारे माणूस जाते. भिंतीवरचा फोटो पडून काच फुटली, की तो ज्याचा फोटो आहे तो गावाहून परत येत नाही. आई शिवणयंत्रावर बसली, की मुलगा पहिल्या वर्गात पास होतो. आणि मुलगा पहिल्या वर्गात पास होऊन पेढे घेऊन धावत आला, की आई शिवणयंत्रावरच मान टाकून असते. घरात जिना असेल तर त्यावरून कोणीतरी गडगडत खाली येणारच, आणि ती बाई गरोदर असेल तर नक्कीच. (म्हणून आजी पडद्यावर जिना दिसला की आधी विचारते, “पोटुशी कोण आहे रे?”) पाऊस पडत असताना दारावर थाप पडली, की दाराबाहेर मुलगी उभी, हातात पत्र्याची पेटी, अंगावर भिजलेली साडी. ही सासरहून कायमची परत आलेली. कडक उन्हात कोणी सासरहून परत आल्याचे आजीच्या पाहण्यात नाही.

आणि सगळ्यात मोठी खूण ताटाची. भरल्या ताटावरून माणूस उठला, की घर फुटले. हा संकेत मराठीत आहे तसाच कानडीतही आहे. 1972 साली आलेला सिद्दलिंगय्यांचा ‘बंगारद मनुष्य’ आमच्या बाजूच्या कानडी माणसांना अजून तोंडपाठ आहे. टी. के. रामराव यांच्या कादंबरीवर काढलेला तो चित्रपट. बहिणीच्या कुटुंबासाठी आयुष्यभर खपलेला राजीव, म्हणजे राजकुमार, जेवायला बसलेला असताना भाचा नको ते बोलतो, आणि राजीव जेवण टाकून उठतो तो घर सोडून चालू लागतो. तो मारामारी करीत नाही, शाप देत नाही. ताटावरून उठतो. बस्स, एवढ्यावर सारे थिएटर रडते.

आमच्या सरांना मी एकदा आजीचे हे नियम सांगितले. ते हसले नाहीत. म्हणाले, यातल्या काही वस्तूंच्या खुणा आहेत, काही कॅमेऱ्याच्या, काही आवाजाच्या, तर काही नुसत्या कथेच्या चालीरीती आहेत. दिवा, कुंकू, आरसा, चुडा या वस्तूंच्या खुणा. चेहरा हळूहळू जवळ येत सारा पडदा व्यापतो ती कॅमेऱ्याची. बोलणे थांबून व्हायोलिने सुरू होतात ती आवाजाची. मग प्रेक्षकाने रुमाल काढायचा. आणि सुखाचा कळस झाल्याखेरीज संकट येत नाही, गैरसमज दोन वाक्यांत मिटण्यासारखा असला तरी ती दोन वाक्ये शेवटपर्यंत कोणी बोलत नाही, या चालीरीती. मारामारीच्या चित्रपटात माणसे बाहेरच्या शत्रूशी लढतात. इथे सगळी लढाई एका छपराखाली. म्हणूनच इथे तलवारीचे काम तांब्याला, ताटाला आणि दाराच्या कडीला करावे लागते.

हे संकेत आले कुठून, याचाही थोडा शोध मी घेतला. ‘मेलोड्रामा’ या शब्दातला ‘मेलॉस’ म्हणजे ग्रीक भाषेत गाणे. गाण्यासह नाटक, म्हणजे आपले संगीत नाटकच की! 1880 साली पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणणारे अण्णासाहेब किर्लोस्कर हे आमच्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. त्याहून मौज म्हणजे विष्णुदास भाव्यांनी 1843 साली सांगलीला ‘सीतास्वयंवर’ केले, त्यामागे कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ होते. ते खेळ पाहून सांगलीच्या राजेसाहेबांना आपल्या भाषेत तसे काही हवेसे वाटले. म्हणजे मराठी नाटकाने पहिला धडा कानडी खेळाकडून घेतला. या अंकाचे दोन विभाग मधल्या रंगीत पानाने वेगळे केलेले असतात. त्या पानाच्या दोन्ही बाजूंच्या मंडळींनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही. असो. नाटकात शेवटच्या रांगेतल्या माणसाला नटाचे डोळे दिसत नाहीत. त्याला दिवा विझलेला दिसतो, पदर तोंडाला लावलेला दिसतो. तंबूतल्या सिनेमातही तीच अडचण होती. तेव्हा या खुणा लेखक-दिग्दर्शकांच्या आळसातून जन्मल्या असे म्हणणे अन्यायाचे होईल. मागच्या रांगेसाठी त्या मोठ्या अक्षरांत लिहिलेल्या पाट्या होत्या. पुढे पडदा जवळ आला, घरात आला, तरी पाट्यांचे अक्षर तेवढेच मोठे राहिले.

मला स्वतःला या चित्रपटांत जे आवडत असे ते अगदी कॉमर्सवाल्याला शोभेल असेच आहे. त्यांचा हिशोब जुळतो. द्विनोंदी पद्धतीत जसे प्रत्येक नावे रकमेला तेवढीच जमा रक्कम पाहिजे, तसे इथे प्रत्येक अश्रूची दुसऱ्या बाजूला नोंद होते. सासूने सुनेला उपाशी ठेवले, की शेवटी तिच्या घशाखाली घास उतरत नाही. आईने दागिने मोडले, की मुलगा दागिने घेऊन येतो. आई नसली तर ते तिच्या फोटोला घालतो. कोणाचे दुःख फुकट जात नाही. मध्यंतरापर्यंत काही रकमा उचंत खात्यात पडून राहतात खऱ्या, पण शेवटच्या अर्ध्या तासात सगळ्या आपापल्या खात्यावर जातात. 1991 साली विजय कोंडके यांचा ‘माहेरची साडी’ आला, तेव्हा आई लग्नाआधीची होती. गावातल्या बायका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून तालुक्याला गेल्या आणि येताना कोणी कोणाशी बोलले नाही, असे ती सांगते. अलका कुबल यांच्या त्या लक्ष्मीसाठी त्या रडल्याच, पण आईचे म्हणणे असे, की प्रत्येकीने आपापले राहिलेले रडणे तिथे उरकून घेतले. घरी रडायला जागा कुठे असते? थिएटरात अंधार होता.

मुळात ती कथा मराठीही नव्हे. ‘बाई चाली सासरिये’ या राजस्थानी चित्रपटावरून ‘माहेरची साडी’ घेतलेला. आणि आमच्या कानडी बाजूला माहेराला ‘तवरु’ म्हणतात. तवरु नावात आले की तिकडेही बायकांच्या रांगा लागत. 2002 साली आलेल्या ‘तवरिगे बा तंगी’ या नावाचा अर्थच ‘माहेरी ये, बहिणी’. शिवराजकुमार भाऊ, राधिका बहीण. आता या चित्रपटापाशी मला थोडे थांबले पाहिजे.

माझी थोरली बहीण, अक्का. (हा शब्द मराठी की कानडी, हा वाद विभागाच्या संपादकांनी मिटवावा.) तिचे सासर बैलहोंगलच्या बाजूला. आडनाव आमच्यासारखेच, देवक आमच्यासारखेच, पण घरातली बोली कानडी. अशी घरे आमच्या भागात पुष्कळ. लग्न ठरले तेव्हा आजीने मला बाजूला घेऊन विचारले होते, “सासू कशी दिसते रे? उंच आहे काय?” सिनेमातल्या सासवा उंच असतात. अक्काच्या सासूबाई बुटक्या निघाल्या तेव्हा आजीला बरे वाटले. त्यांना आम्ही सगळे ‘अव्वा’ म्हणतो.

गेल्या पंचमीला अक्का चार दिवस माहेरी आली. पंचमीला लेक आणायची रीत दोन्ही भाषांत आहेच. येताना तिने नेहमीप्रमाणे कुंदा आणला. बेळगावला माहेर असलेल्या मुलीने येताना बेळगावच्या स्टँडवरूनच कुंदा विकत घ्यावा, यावर आम्ही तिची थट्टा करीत असू. रात्री टीव्हीवर ‘तवरिगे बा तंगी’ लागला होता. आजी, मी आणि अक्का पाहत होतो. अक्का शेजारी बसून घेवडा निवडत होती. भाऊ बहिणीसाठी काय काय सोसतो ते पाहता पाहता माझ्या डोळ्यांना धार लागली. आजीने माझ्याकडे वळून पाहिले, “रडूलास काय रे?” अक्का हसली आणि तिने आपल्या पदराने माझे डोळे पुसले.

मग जाहिराती लागल्या. अक्काने घेवड्याच्या शिरा काढता काढता मला विचारले, “सोनेतारण कर्जाचं व्याज वेळेवर नाही भरलं तर काय होतं रे? लगेच लिलाव करतात की नोटीस देतात आधी?”

मला कोण आनंद झाला! घरात माझ्या विषयातले कोणी काही विचारत नाही. मी तिला सरळव्याज, चक्रवाढव्याज, तारण वस्तूवरचा धनकोचा हक्क, नोटिशीची मुदत, सारे समजावून दिले. हातातल्या घेवड्याच्या शेंगा मांडून हप्ते करून दाखवले. ती लक्ष देऊन ऐकत होती, मध्ये एक-दोन शंकाही अगदी मुद्द्याच्या विचारल्या. जाहिराती संपल्या आणि मी पुन्हा पडद्यावरच्या बहिणीसाठी रडायला बसलो.

हे का विचारतेस, असे मी तिला विचारले नाही. मला ते सुचलेच नाही, हे जास्त खरे. तिच्या गळ्यात त्या दिवशी नुसते काळे मणी होते, तेही मला आता आठवते. तेव्हा दिसले असेल, पण नोंद झाली नाही.

अकौंटन्सीच्या पहिल्या वर्षाला एक धडा असतो, चुकांची दुरुस्ती. तेरीज जुळली म्हणजे हिशोब बरोबर असे समजू नये, असे त्यात स्पष्ट म्हटलेले असते. काही चुका तेरजेला दिसतच नाहीत. त्यातली पहिली म्हणजे वगळणुकीची चूक. व्यवहार झाला, पण तो कीर्दीत लिहिलाच गेला नाही. ना नावे, ना जमा. दोन्ही बाजू सारख्याच रकमेने कमी, म्हणून तेरीज बिनचूक जुळते. या धड्यावर मला परीक्षेत पूर्ण गुण होते.

पुढे मार्गशीर्षात अक्का आली. अमावास्या नाही, पाऊस नाही. दुपारचे बारा वाजलेले, लख्ख ऊन, आई अंगणात सांडगे घालीत होती. अक्काच्या एका हातात पोराचे बोट, दुसऱ्या हातात कापडी पिशवी. पेटी नव्हती. ती आत आली, घागरीतले पाणी स्वतःच घेऊन प्यायली आणि म्हणाली, “चार दिवस राहीन म्हणते.” मी टेबलाशी कॉस्ट अकौंटिंग करीत होतो. मी म्हटले, “कुंदा कुठाय?” ती म्हणाली, “विसरले.”

आठ दिवस झाले, पंधरा झाले, तेव्हा आम्हाला कळू लागले. एकदम कळले नाही. सिनेमात असते तसे सगळे घर गोल उभे आहे, मध्ये मुलगी, आणि ती एका दमात सांगते आहे, असे काही झाले नाही. एक तुकडा आईला भाकरी करताना कळला, एक आजीला डोक्याला तेल लावून घेताना. दाजींचे दुकान बसले होते. त्यांनी ते घरी सांगितले नाही. रोज डबा घेऊन बाहेर जात, संध्याकाळी परत येत. अक्काचे दागिने त्यांनी मागून घेतले, एका पतसंस्थेत ठेवले, आणि मग हळूहळू बोलणेच बंद केले. मारले नाही, शिवी दिली नाही, दारूचा घोट घेतला नाही. समोर बसून जेवत, पण सहा महिने तिच्याशी एक अक्षर बोलले नाहीत. आजीने हे ऐकले आणि तिला काही कळेनाच. “मारतो काय?” “नाही.” “पितो काय?” “नाही.” “दुसरी कोण आहे काय?” “नाही ग आजी.” आजीच्या सगळ्या खुणा संपल्या. मग ती बराच वेळ गप्प बसून म्हणाली, “मग कशाला आलीस बाळ?” तिच्या मनात वाईट काही नव्हते. पण अक्का त्या रात्री जेवली नाही.

मी आजीला दोष देत नाही. तिच्याहून माझीच तऱ्हा वाईट होती. मी तर पदवी घ्यायला निघालेला माणूस. पण दुःख पाहायला मला जे डोळे मिळाले होते, ते ग्लिसरीनने भरलेले डोळे ओळखणारे. कोरडे डोळे, घेवडा निवडणारे हात आणि व्याजाचा प्रश्न, या खुणा माझ्या वर्णमालेत नव्हत्या.

त्या दिवसांत सरांनी मला ‘कुंकू’ पाहायला सांगितला. 1937 सालचा प्रभातचा चित्रपट, व्ही. शांतारामांचा, ना. ह. आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून. म्हाताऱ्या वकिलाशी फसवून लग्न लावलेली नीरा, म्हणजे शांता आपटे, त्या लग्नाला लग्न मानायलाच नकार देते. मी आजीला घेऊन बसलो. थोड्या वेळाने आजी अस्वस्थ झाली. मलाही काहीतरी चुकल्यासारखे वाटत होते. मग लक्षात आले, की रडायला सांगणारे संगीतच नाही. पार्श्वसंगीत शांतारामांनी गाळूनच टाकले होते. ऐकू येतात ते घरातलेच आवाज. भिंतीवरचे एक जुने घड्याळ टोल देत असते, आणि ते घड्याळ म्हणजेच ते म्हातारे काकासाहेब हे हळूहळू आपल्याला कळते. आजी म्हणाली, “ही पोर रडत का नाही रे?” मी म्हटले, “ती चिडलीय आजी.” आजी म्हणाली, “चिडलेली बाई खलनायिका असते.” पण तिने चित्रपट शेवटपर्यंत पाहिला. मध्ये उठली नाही, पानही लावले नाही. केशवराव दात्यांचे काकासाहेब खलपुरुष म्हणून सुरू होतात आणि शेवटी त्यांचीच कीव येते, तेव्हा मात्र तिने डोळे पुसले आणि म्हणाली, “ह्याचंही काहीतरी होतंच की.” दाजींचे नाव तिने घेतले नाही. पण अक्का दारात उभी राहून ऐकत होती.

‘उंबरठा’ मला तिच्याबरोबर पाहायचे धाडस झाले नाही. 1982 सालचा जब्बार पटेलांचा चित्रपट, पटकथा तेंडुलकरांची. स्मिता पाटील घर सोडून आगगाडीत बसते तिथे तो संपतो. नावे-जमा जुळवायला शेवटचा अर्धा तास दिलेलाच नाही. त्यात नवऱ्याचे काम केले आहे धारवाडला वाढलेल्या गिरीश कार्नाडांनी. तो नवरा सभ्य आहे, शिकलेला आहे, आवाज चढवत नाही. असा नवरा आजीच्या व्याकरणात बसत नाही. आमच्या घरात मात्र तो त्या वेळी जावई होता.

तर एका सकाळी आठच्या बसने अव्वा आल्या. आधी निरोप नाही. काखेत एक गाठोडे, हातात पोराचे दप्तर. आप्पा ओट्यावर पेपर वाचत होते, ते उठून उभे राहिले आणि मला हाक मारली. आप्पांची कानडी भाजीबाजारापुरती, अव्वांना मराठी येते पण भावनेच्या भरात येत नाही. त्यामुळे मी मध्ये. विहीणबाई रागावून आल्या असतील, आता बोलाचाली होणार आणि तिचे भाषांतर मला करावे लागणार, या कल्पनेने माझे पाय लटपटत होते. आई स्वयंपाकघराच्या दारात पदर खोचून उभी. आजीने जपमाळ खाली ठेवली. सगळी मंडळी आपापल्या जागी आली होती. आता फक्त व्हायोलिने वाजायची बाकी होती.

अव्वा पायरीवर बसल्या, पाय चोळले आणि म्हणाल्या, “नन्न मगंदु तप्पैति.”

मी भाषांतर केले, “म्हणतात, चूक माझ्या मुलाची आहे.”

आप्पांना यावर काय बोलावे ते कळेना. भांडणाची तयारी करून बसलेल्या माणसाला समोरच्याने पहिल्याच वाक्यात कबुली दिली म्हणजे फार पंचाईत होते. ते म्हणाले, “त्यांना म्हणावं, आधी चहा घ्या.” अव्वा मराठीतच म्हणाल्या, “चहा नको. भूक लागलीया. भाकरी आणल्याती, सगळी मिळून जेवूया.”

गाठोडे सोडले तर ज्वारीच्या कडक भाकऱ्यांची चळत आणि शेंगदाण्याची चटणी. सकाळी नऊ वाजता आमच्याकडे ताटे मांडली गेली. आजी अव्वांच्या शेजारी बसली. सून माहेरी निघून आल्यावर सासूने तिथे येऊन मागून जेवायला बसणे हे आजीने कोणत्याही चित्रपटात पाहिलेले नव्हते. ती घास हातात धरून अव्वांच्या तोंडाकडे पाहत होती. अक्काला अव्वांनी नुसते, “कुंदर,” म्हटले. बस. अक्का बसली.

जेवण झाल्यावर मला वाटले, आता त्या आपल्या हातातल्या पाटल्या काढून आप्पांच्या पायाशी ठेवतील. (सवय जात नाही!) पाटल्या त्यांच्या हातात नव्हत्याच, पूर्वी कधी होत्या की नाही कोण जाणे. त्यांनी कनवटीची पिशवी सोडली आणि चार घड्या घातलेला एक कागद काढून माझ्यापुढे धरला. पतसंस्थेची नोटीस होती, इंग्रजीतली. दाजींनी ती कपाटात कपड्यांखाली ठेवली होती. अव्वा मला म्हणाल्या, तू हिशोबाचे शिकतोस ना, मग यात काय आहे ते सांग. माझ्या घरात हे कोणी मला वाचून दाखवत नाही.

मी वाचले. मुद्दल ऐंशी हजार. व्याज दरसाल दरशेकडा बारा, सरळव्याज. चौदा महिने थकलेले. व्याज झाले 11,200 रुपये, एकूण 91,200. महिनाअखेरपर्यंत निदान व्याज भरले तर कर्जाची मुदत वाढवून मिळेल, नाहीतर लिलाव. मी हे कानडीत अव्वांना आणि मराठीत आप्पांना सांगितले. सांगताना माझा आवाज मलाच परका वाटत होता, कारण हेच सारे मी घेवड्याच्या शेंगा मांडून पंचमीला सांगितले होते. तेव्हा दहा महिने थकले होते. तेव्हा भरले असते तर आठ हजारांत भागले असते. मी अक्काकडे पाहिले. ती ताटे उचलत होती.

“पंचमीला तू विचारलंस,” मी म्हटले, “तेव्हा तुझंच होतं काय ग?”

“मग काय सिनेमातलं होतं?” ती म्हणाली आणि ताटे घेऊन मोरीकडे गेली.

याहून जास्त ती मला कधीच काही बोललेली नाही. सिनेमातल्या भावाला अशा वेळी गुडघे टेकून क्षमा मागण्यासाठी दोन मिनिटे देतात. मी नोटिशीच्या पाठीवर आकडेमोड करीत राहिलो, कारण अव्वा वाट पाहत होत्या. त्यांच्याकडे दुधाचे साठलेले 6,200 रुपये होते. उरलेले 5,000 आप्पांनी भिशीतून काढायचे ठरले. पुढे मुद्दल महिना चार हजारांनी फेडायचे, वीस महिने, व्याज वेगळे. दाजींना हे कोण सांगणार, असे आप्पांनी विचारले. अव्वा म्हणाल्या, मी सांगते. तो बोलत नाही, ऐकत तर असतोच की.

अक्का त्यांच्याबरोबर गेली नाही. अव्वांनी तसे विचारलेही नाही. दप्तर कोनाड्यात ठेवून त्या दुपारच्या बसने परत गेल्या. पोराचे नाव इथल्या शाळेत घातले, मराठी शाळेत. त्याला पहिले दोन महिने वर्गात काही कळत नसे आणि तो मधल्या सुट्टीत कानडी शाळेच्या पोरांत जाऊन खेळत असे. अक्काने जुने शिवणयंत्र दुरुस्त करून घेतले. ती त्यावर बसली की आजी काळजीने तिच्याकडे पाहते, आणि पोराचा निकाल चांगला लागला तेव्हा तिने पेढे आणू दिले नाहीत. साखर वाटली.

दाजी होळीला एकदा येऊन गेले. ओट्यावर बसले, पोराला मांडीवर घेतले. अक्का चहा घेऊन गेली, तेव्हा ते म्हणाले, “साखर कमी घातलीस?” सहा महिने आणि वर तीन महिन्यांनी ते तिच्याशी बोलले, ते हे. ओझू नावाच्या जपानी दिग्दर्शकाचा ‘टोकियो स्टोरी’ हा 1953 सालचा चित्रपट सरांनी मला नंतर दाखवला. त्यात बायको गेल्यावर तो म्हातारा बाहेर उभा राहून आज उकडणार असे काहीसे बोलतो. कॅमेरा जवळजवळ सगळा वेळ जमिनीवर बसलेल्या माणसाच्या उंचीवर, सहसा हलत नाही, जवळ जात नाही. ते पाहताना मला आमचा ओटा आठवला. अक्का चहाचा रिकामा कप घेऊन आत आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर काय होते, हे मला नीट सांगता येणार नाही. मी पाहत मात्र होतो.

परत जायचे की नाही हे तिने अजून ठरवलेले नाही, आणि तिला कोणी विचारत नाही. आतापर्यंत सात हप्ते भरून झाले, बावन्न हजार राहिले. हप्ता भरायला मी जातो. दर महिन्याच्या दहा तारखेला संध्याकाळी अव्वांचा फोन येतो. “रोक्का कट्टिदि एनप्पा?” पैसे भरलेस का, एवढेच विचारतात. भरले म्हटले की पावतीचा नंबर मला वाचायला लावतात आणि पलीकडे कोणाला तरी तो लिहून घ्यायला सांगतात. गेल्या महिन्यात मी विचारले, कोण लिहून घेते? त्या म्हणाल्या, मगा.